मॉड्यूल कोण लोड करून राहिलं? छोट्या क्लस्टरवर सॉफ्टवेअरच्या वापराची नोंद बसवताना

एप्रिल संपत आला होता. बाहेर ४४ अंश, सर्व्हर रूममधल्या दोनपैकी एक एसी बंद, आणि आमच्या क्लस्टरची, म्हणजे जोडून एकत्र काम करणाऱ्या मशीनची, सॉफ्टवेअर ठेवायची डिस्क काठोकाठ भरलेली. विभागप्रमुखांनी सरळ विचारलं, "यातलं खरंच लागतं किती?" मला सांगता येईना. मग मी एफएफटीडब्ल्यू या गणिती लायब्ररीची एक जुनी आवृत्ती 'आता कोण वापरतंय' म्हणून पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पीएचडीचा एक विद्यार्थी दारात उभा. "मॅडम, माझे सगळेच जॉब काहून पडून राहिले?" प्रबंध द्यायला त्याला तीन आठवडे उरले होते. बॅकअप होता म्हणून दोघंही वाचलो.

त्यानंतर मी कोण कोणतं सॉफ्टवेअर वापरतं याची नोंद ठेवायची व्यवस्था बसवली. दोन दिवसांचं काम मला तीन आठवडे पुरलं, कारण माहिती तुकड्यातुकड्यांत मिळत गेली आणि खड्डे एकेक करून पायाखाली आले. नागपुरातल्या एखाद्या कॉलेजात किंवा संशोधन संस्थेत तुमच्या गळ्यात असा एखादा रॅक नुकताच पडला असेल, आणि तुम्हीच सिस्टम ॲडमिन, तुम्हीच इलेक्ट्रिशियन, तुम्हीच हेल्पडेस्क असाल, तर हा लेख तुमच्यासाठी.

एक खुलासा करते. आज्ञा आणि फायलींची नावं मी फोनवर सांगते तशी देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. कॉपी-पेस्ट होणार नाही, पण या कामात आंधळं कॉपी-पेस्ट न केलेलंच बरं.

मॉड्यूल म्हणजे काय, थोडक्यात

क्लस्टरवर एकाच सॉफ्टवेअरच्या चार आवृत्त्या नांदत असतात. कुणाला जीसीसी या कंपायलरची जुनी आवृत्ती हवी, कुणाला नवी. 'मॉड्यूल लोड' म्हटलं की पाथसारखी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या आवृत्तीकडे वळतात, 'मॉड्यूल अनलोड' म्हटलं की परत जागेवर येतात. ही कल्पना जॉन फर्लानी यांनी १९९१ मध्ये मांडली. पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला तेच हे वर्ष. मूळ एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स टीसीएल भाषेवर चालतं आणि आजही जोमात आहे. दुसरं घराणं एलमॉडचं. ते लुआ भाषेत आहे आणि टेक्सास ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग सेंटरमधल्या रॉबर्ट मॅक्ले यांनी लिहिलं. टीसीएलमधल्या जुन्या मॉड्यूलफायलीही ते वाचतं, म्हणजे जुना संसार मोडावा लागत नाही.

मी एलमॉड घेतलं, कारण त्यात 'हुक' असतात. मॉड्यूल लोड होताक्षणी तुमचं स्वतःचं दोन ओळींचं काम उरकून घ्यायची सोय, म्हणजे हुक. नोंद ठेवायला तेवढं पुरतं.

१. हाताशी काय हवं

सुरुवात करण्याआधी एवढं जमवा:

- हेड नोडवर, म्हणजे क्लस्टरच्या मुख्य मशीनवर, रूटचा ॲक्सेस (नोड म्हणजे क्लस्टरमधलं एकेक मशीन), आणि सगळ्या नोडवर एकदम आज्ञा चालवायची काहीतरी सोय.
- सगळ्या नोडना दिसणारा सामायिक फोल्डर, बहुधा एनएफएसवरचा.
- लुआ, त्याच्या सोबतीला लुआ-पॉझिक्स आणि लुआ-फाइलसिस्टम, शिवाय टीसीएल.
- नोंदी गोळा करायला एक मशीन. वेगळं नसेल तर हेड नोड चालेल.
- प्रत्येक नोडवर आरसिसलॉग, म्हणजे लॉगचे संदेश लिहिणारी आणि पुढे पाठवणारी सेवा. बहुतेक लिनक्सवर ते आधीच असतं.
- सगळ्या नोडची घड्याळं जुळवणारं क्रोनी. आमच्या एका नोडचं घड्याळ मागे होतं, त्यामुळे जॉब सुरू व्हायच्या आधीच कामाला लागलेला दिसायचा.
- विभागप्रमुखांची लेखी परवानगी. हा कागद का लागतो ते शेवटी सांगते, पण मागून ठेवा आधीच.

२. आधी प्रश्न कागदावर लिहा

ही पायरी मी गाळली होती. आधी सगळं बसवलं, लाखभर ओळी जमल्या, आणि मग त्यांचं करायचं काय असा प्रश्न पडला. तुमचे प्रश्न तीन-चारच असतील. कोणती आवृत्ती काढली तर कुणाचं अडेल? परवान्याचं नूतनीकरण करायचं तर व्हास्प किंवा गॉशियनसारखी रेणूंची गणितं करणारी सॉफ्टवेअर वापरणारी माणसं किती? नवीन काय बसवावं? प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की उत्तर 'किती वेळा' मध्ये हवं, 'किती माणसं' मध्ये हवं, की 'कोण' मध्ये हवं. आमच्या यादीत 'किती वेळा' एकदाही आलं नाही. ते आधी कळलं असतं तर माझा निम्मा त्रास वाचला असता.

३. एलमॉड बसवा

रॉकी किंवा अल्मा लिनक्सवर एपेलच्या भांडारातून एलमॉडचं पॅकेज मिळतं, उबुंटूवरही मिळतं. एकच मशीन असेल तर तेच घ्या. क्लस्टरवर मात्र मी मूळ सोर्समधून सामायिक फोल्डरात बसवायला सांगेन, म्हणजे सगळ्या नोडवर एकच आवृत्ती राहते. पद्धत नेहमीचीच: कॉन्फिगरला प्रीफिक्स म्हणून ऑप्टखालचा अ‍ॅप्स फोल्डर द्या, मग मेक इन्स्टॉल. त्यानंतर एलमॉडच्या इनिट फोल्डरातल्या 'प्रोफाइल' फायलीची लिंक प्रत्येक नोडच्या प्रोफाइल-डॉट-डी मध्ये 'झेड-शून्य-शून्य-अंडरस्कोर-एलमॉड-डॉट-एसएच' या नावाने टाका. सी-शेल वापरणारे एखादे ज्येष्ठ प्राध्यापक प्रत्येक विभागात असतात. त्यांच्यासाठी 'सीएसएचआरसी'ची लिंकही, शेवटी 'डॉट-सीएसएच' लावून, टाकायला विसरू नका.

इथला नेहमीचा सापळा: नोडवर जुनं एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्सचं पॅकेज आधीच असतं. दोघंही 'मॉड्यूल' हीच आज्ञा देतात, त्यामुळे कोण बोलतंय ते कळत नाही. 'मॉड्यूल डॅश-डॅश-व्हर्जन' विचारा. उत्तरात 'लुआवर आधारित' अशा अर्थाची ओळ आली तर एलमॉड. नाही आली तर जुन्याला आधी निरोप द्या. आणि हे युजर शिरतात त्या लॉगिन नोडवर तपासून थांबू नका, जॉब चालतात त्या कंप्युट नोडवर जाऊनही तपासा. आमच्याकडे आठपैकी दोन नोड अजून जुन्याच घरात राहत होते.

४. हुक लिहा

एलमॉड 'साइटपॅकेज-डॉट-लुआ' नावाची एक फाइल वाचतं. तिच्यात तुमच्या संस्थेपुरत्या गोष्टी लिहायच्या असतात. इन्स्टॉलेशनमध्ये या नावाची एक रिकामीशी फाइल आधीपासून असते आणि हात तिच्याकडेच वळतो. तिला हात लावू नका. पुढच्या वेळी एलमॉड अद्ययावत केलं की तुमचं लिखाण गेलं. वेगळा फोल्डर करा, फाइल तिथे ठेवा, आणि 'एलमॉड-पॅकेज-पाथ' या व्हेरिएबलमध्ये त्या फोल्डरचा पत्ता द्या. हे व्हेरिएबल प्रोफाइल-डॉट-डी मधल्या अशा फायलीत ठेवा जी नावाच्या क्रमाने पहिल्या मॉड्यूल आज्ञेच्या आधी वाचली जाईल.

फायलीत काय असावं ते क्रमाने सांगते.

सुरुवातीला 'हुक' आणि 'पॉझिक्स' ही दोन लायब्ररी मागवा, आणि संदेश साठवायला एक रिकामं टेबल करा.

मग लोड झाल्यावर चालणारं फंक्शन. एलमॉड त्याला एक टेबल देतं. त्यातलं 'मॉड-फुल-नेम' म्हणजे आवृत्तीसकट पूर्ण नाव, आणि 'एफएन' म्हणजे मॉड्यूलफायलीचा पूर्ण पत्ता. आधी 'मोड' खरंच 'लोड' आहे का ते पाहा, नसेल तर तिथूनच परत फिरा. असेल तर एक ओळ तयार करा: युजर, मॉड्यूल, पाथ, होस्ट आणि वेळ, प्रत्येकापुढे बरोबरचं चिन्ह आणि मधे एक मोकळी जागा. ही ओळ लगेच पाठवू नका. मॉड्यूलच्या नावाखाली टेबलात ठेवून द्या.

का? एक कंपायलर बदलला की एलमॉड त्यावर अवलंबून असलेली मॉड्यूलं काढून पुन्हा चढवतं. लगेच पाठवलं तर एकाच आज्ञेत एका मॉड्यूलच्या दोन-तीन नोंदी होतात. नावाखाली ठेवलं की नंतरची ओळ आधीच्या ओळीवर बसते आणि शेवटी एकच उरते.

तिसरा भाग, बाहेर पडतानाचं फंक्शन. टेबलातली प्रत्येक ओळ 'लॉगर' या आज्ञेला द्या. डॅश-टी पुढे 'मॉड्यूलयूसेजट्रॅकिंग' ही खूण, डॅश-पी पुढे 'लोकल-शून्य-डॉट-इन्फो'. आज्ञा चालवायला एलमॉडचंच 'एलमॉड-सिस्टम-एक्झिक्यूट' वापरा. शेवटी पहिलं फंक्शन 'हुक-डॉट-रजिस्टर'ने 'लोड' या नावाशी बांधा आणि दुसरं 'एक्झिट-हुक-ए' च्या रजिस्टरमध्ये टाका. सगळी मिळून तीस-पस्तीस ओळींची फाइल होते.

पहिल्या फंक्शनमध्ये रूटला वगळा. नोडची तब्येत तपासणाऱ्या स्क्रिप्टा रात्रंदिवस मॉड्यूल लोड करत असतात. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात सर्वात मेहनती संशोधक म्हणून रूटचंच नाव आलं होतं.

आता सर्वात महत्त्वाची गोष्ट. या फायलीत एक कंस जरी चुकला तरी क्लस्टरवरच्या प्रत्येक माणसाची 'मॉड्यूल' आज्ञा तुटते. लॉगिन करताच लाल ओळी दिसू लागतात आणि पाचव्या मिनिटाला तुमचा फोन वाजतो. म्हणून फाइल आधी स्वतःच्या होम फोल्डरात ठेवा, फक्त तुमच्याच टर्मिनलमध्ये 'एलमॉड-पॅकेज-पाथ' तिकडे वळवा, आणि लोड, अनलोड, स्वॅप, पर्ज सगळं करून पाहा. 'मॉड्यूल डॅश-डॅश-कॉन्फिग' विचारलं की कोणतं साइटपॅकेज वाचलं जातंय तेही दिसतं. सगळं ठीक वाटलं तरच सामायिक फोल्डरात न्या.

न्यायचा दिवसही पाहून निवडा. सबमिशनच्या महिन्यात नको, मे महिन्यात तर नकोच, तेव्हा वीज कधी डोळे मिचकावेल सांगता येत नाही. मी तान्ह्या पोळ्याचा दिवस धरला. शहरातली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती, क्यू रिकामी होती, आणि सकाळचे तर्री पोहे पोटात असल्याने दुपारपर्यंत उठायची गरज पडली नाही.

५. नोंदी एका जागी आणा

आता प्रत्येक नोड आपापल्या लॉगमध्ये लिहितोय. तिथून ते उचलायचं काम आरसिसलॉगचं.

पाठवणाऱ्या नोडवर आरसिसलॉग-डॉट-डी मध्ये एक छोटी फाइल करा. तिच्यात सांगायचं एवढंच: प्रोग्रॅमच्या नावात 'मॉड्यूलयूसेजट्रॅकिंग' असेल तर संदेश अमुक मशीनकडे पाठव, आणि त्यानंतर 'स्टॉप'. स्टॉप नसेल तर त्याच ओळी नोडच्या सामान्य लॉगमध्येही जमत राहतात आणि उद्या खरी चूक शोधताना डोळ्यांपुढे कचरा येतो. फायलीचं नाव आकड्याने सुरू करा, म्हणजे ती इतर नियमांच्या आधी वाचली जाते.

मशीनच्या नावाआधी एक ॲटचं चिन्ह म्हणजे यूडीपी, दोन म्हणजे टीसीपी. मी आधी एक लावलं होतं. यूडीपी म्हणजे पोस्टकार्ड, पोचलं तर पोचलं. हेड नोड रीबूट होत असतानाच्या नोंदी त्यात कायमच्या गेल्या. दोन ॲट लावा आणि सोबत रांग ठेवायला सांगा, म्हणजे समोरचं मशीन बंद असेल तर संदेश थांबून राहतात.

घेणाऱ्या मशीनवर टीसीपीचं मॉड्यूल चालू करा, ५१४ क्रमांकाचं पोर्ट ऐकायला लावा, आणि या खुणेचे संदेश व्हारखालच्या लॉग फोल्डरात 'मॉड्यूलयूसेज-डॉट-लॉग' या वेगळ्या फायलीत टाकायला सांगा. फायरवॉलमध्ये ते पोर्ट उघडा, तेही फक्त क्लस्टरच्या आतल्या नेटवर्कसाठी. कॅम्पसच्या बाजूने उघडं ठेवू नका.

तपासायला एलमॉडची गरज नाही. एखाद्या कंप्युट नोडवर जाऊन त्याच खुणेने लॉगरला 'नमस्कार' लिहायला सांगा. हेड नोडच्या फायलीत नमस्कार उमटला की रस्ता मोकळा. नाही उमटला तर बिघाड आरसिसलॉगमध्ये किंवा फायरवॉलमध्ये आहे, तुमच्या लुआत नाही. हे दोन भाग वेगळे तपासले नाहीत तर माणूस रात्रभर चुकीच्या फायलीत चूक शोधत बसतो.

६. लॉग फिरवा

फिरवणं म्हणजे जुनी फाइल बाजूला ठेवून नवी सुरू करणं. लॉगरोटेटमध्ये एक नोंद: रोज फिरव, नावाला तारीख जोड, मालकी रूटची, आणि बाकीच्यांना वाचायची परवानगी नाही. फिरवल्यानंतर आरसिसलॉगला हँगअपचा सिग्नल द्यायला विसरू नका. नाहीतर ते जुन्याच फायलीत लिहीत राहतं आणि नवी फाइल रिकामी पडून राहते.

७. वाचायचं कसं

एलमॉडच्या सोर्समध्ये 'कॉन्ट्रिब' फोल्डरात याचसाठी तयार स्क्रिप्टा आहेत. एक डेटाबेसचं नाव, युजर आणि पासवर्ड विचारून ठेवते, दुसरी मारियाडीबी किंवा मायएसक्यूएलमध्ये टेबलं बनवते, तिसरी फिरवलेले लॉग त्यात भरते, आणि 'ॲनालाइझ-एलमॉड-डीबी' नावाची चौथी प्रश्नांची उत्तरं देते. तिला एक नमुना, सुरुवातीची आणि शेवटची तारीख द्यायची. 'काउंट्स' म्हटलं की मॉड्यूलवार वेगवेगळे युजर किती, 'युजरनेम्स' म्हटलं की कोण कोण, आणि 'मॉड्यूल्स-यूज्ड-बाय' म्हटलं की एक माणूस काय काय वापरतो. भरायची स्क्रिप्ट रात्री आपोआप चालेल अशी क्रॉनमध्ये टाका.

पण खरं सांगू? पन्नास-साठ युजरच्या क्लस्टरला डेटाबेस म्हणजे इतवारीत ट्रक घेऊन भाजी आणायला जाणं. मी पहिले सहा महिने साध्या आज्ञांवर काढले. महिन्याभराचे लॉग एकत्र करा, ऑकने फक्त युजर आणि मॉड्यूल हे दोन रकाने काढा, सॉर्ट डॅश-यू ने एकसारख्या जोड्या गाळा, मग मॉड्यूलचा रकाना घेऊन तो पुन्हा सॉर्ट करा, युनिक डॅश-सी ने मोजा आणि उलट्या क्रमाने लावा. एका ओळीत मावतं. उत्तरात प्रत्येक मॉड्यूलपुढे त्या महिन्यातली वेगवेगळी माणसं किती, ते येतं. विभागप्रमुखांना हाच तक्ता हवा असतो. वर्षावर्षांची तुलना करायची वेळ आली की डेटाबेस करा. लॉग राखून ठेवले असतील तर मागचं सगळं तेव्हाही भरता येतं.

८. आकडे कुठे फसवतात

इथे सावकाश वाचा. व्यवस्था बसवणं तसं सोपं, पण तिने दिलेल्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो.

समजा दोन विद्यार्थिनी ग्रोमॅक्स हे रेणूंच्या हालचालींचं सॉफ्टवेअर वापरतात. पहिली लॉगिन नोडवर एकदा मॉड्यूल लोड करते आणि तशाच टर्मिनलमधून दिवसभरात पन्नास जॉब टाकते. जॉब रांगेत लावून नोडवर धाडणारा स्लर्म जॉब पाठवताना आपसूकच आजूबाजूची एन्व्हायर्नमेंट सोबत नेतो, त्यामुळे जॉबच्या आत पुन्हा लोड होत नाही. नोंद एक. दुसरी शहाणी आहे, तिने लोडची ओळ स्क्रिप्टमध्येच लिहिली आहे, आणि ती हजार तुकड्यांचा ॲरे जॉब टाकते. नोंदी हजार. काम कदाचित पहिलीचंच जास्त असेल. म्हणून लोडची संख्या कुणालाही दाखवू नका. माणसं मोजा, महिने मोजा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त भेटतो. कुण्या सीनियरने वर्षांपूर्वी बॅशआरसी फायलीत दहा मॉड्यूलं लोड करायच्या ओळी टाकल्या, आणि त्याची फाइल पुढे तीन बॅच कॉपी होत आली. आता त्यातला प्रत्येक जण नुसतं लॉगिन केलं तरी दहा नोंदी करतो. आमच्या यादीत मॅटलॅब पहिल्या पाचांत होतं. चौकशी केली तर चालवणारे दोघंच. बाकीच्यांना ते आपण लोड करून राहिलो हेच ठाऊक नव्हतं. अशी नोंद ओळखायची खूण म्हणजे वेळ. एकाच युजरची तीच दहा नावं, त्याच क्रमाने, एकाच सेकंदाला.

तसंच तुम्ही स्वतः सगळ्यांना आपोआप लोड करून देता ती मॉड्यूलं. ती यादीतून सरळ वगळा. शंभर टक्के लोक वापरतात असं दिसणारच.

उलट बाजूने जे दिसतच नाही तेही ध्यानात ठेवा. ज्याने होम फोल्डरात स्वतःचं मिनिकोंडा बसवलं आहे त्याचं पायथन तुमच्या यादीत कधीच येणार नाही. कंटेनरमधून चालवणाऱ्याचं आतलं सॉफ्टवेअरही येणार नाही. बॅशच्या साध्या स्क्रिप्टमध्ये कधीकधी 'मॉड्यूल' आज्ञाच सापडत नाही म्हणून कुणी थेट पूर्ण पत्ता लिहून प्रोग्रॅम चालवतो, तोही निसटतो.

आणि आता सुरुवातीचा तो विद्यार्थी. व्यवस्था नीट चालू झाल्यावर मी मुद्दाम त्याच्या नावाने शोधलं. एफएफटीडब्ल्यूची एकही नोंद नाही. त्याने प्रोग्रॅम दोन वर्षांपूर्वी कंपाइल केला होता, तेव्हाच लायब्ररीचा पत्ता आरपाथ म्हणून बायनरीत कोरला गेला होता. तेव्हापासून त्याला मॉड्यूल लोड करायची गरजच पडली नव्हती. म्हणजे ज्या अपघातामुळे मी हा सगळा खटाटोप केला, तो या खटाटोपाने टळला नसता. चहा घेत मी ते पडद्याकडे बघत बसले होते, थोडं हसू आलं आणि थोडा रागही.

९. पुढची पायरी: एक्सॲल्ट

मॉड्यूलची नोंद सांगते की कुणी काय मागितलं. प्रत्यक्ष काय चाललं, ते सांगायला एक्सॲल्ट आहे. मार्क फाही यांचं एएलटीडी आणि मॅक्ले यांचं लॅरिएट या दोन आधीच्या प्रयत्नांतून ते जन्मलं. ते दोन ठिकाणी कान लावतं. एक, प्रोग्रॅम लिंक होताना 'एलडी' या लिंकरच्या जागी स्वतःचं आवरण ठेवून त्या बायनरीवर खूण करतं. दोन, प्रोग्रॅम चालताना एलडी-प्रीलोडच्या मार्गाने सुरुवात आणि शेवट टिपतं. प्रोग्रॅमने कोणत्या शेअर्ड लायब्ररी उचलल्या, तेही लिहून ठेवतं. आरपाथवाला विद्यार्थी इथे सापडतो.

पण हे पहिल्या दिवशी बसवू नका. एलडी-प्रीलोड म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात शिरणं, आणि क्लस्टरवर एलएस आणि ग्रेपसुद्धा प्रोग्रॅमच असतात. म्हणून त्याच्या कॉन्फिग फायलीत आधी ठरवावं लागतं की कोणत्या होस्टवर चालायचं, कोणते पत्ते ठेवायचे, कोणते गाळायचे. मी फक्त कंप्युट नोड घेतले आणि सिस्टमचे बिन फोल्डर गाळले. क्षणभर चालणाऱ्या हजारो छोट्या प्रोग्रॅमपैकी काहींचीच नोंद घ्यायची नमुना पद्धतही त्यात आहे, ती वापरा. नोंदी पाठवायला सिसलॉगचा पर्याय निवडला की पाचव्या पायरीत केलेला रस्ताच कामी येतो. एखाद्याचा प्रोग्रॅम विचित्र वागू लागला तर आधी त्याच्यापुरतं 'एक्सॲल्ट-एक्झिक्यूटेबल-ट्रॅकिंग' बंद करून पाहा. निम्म्या वेळा दोष एक्सॲल्टचा नसतो, पण वाद तिथेच मिटतो.

१०. युजरना सांगा

तो परवानगीचा कागद इथे लागतो. लॉगमध्ये युजरचं नाव आणि वेळ आहे, म्हणजे कोण रात्री दोनला काम करतं आणि कोण महिनाभर फिरकत नाही, हे त्यातून दिसतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आहे, पण तो नसता तरी न सांगता नोंद ठेवणं बरं नाही. लॉगिनच्या संदेशात तीन ओळी लिहा: काय नोंदलं जातं, कशासाठी, किती दिवस ठेवतो. आमच्याकडे नावासकट लॉग एक वर्ष ठेवतो, त्यानंतर फक्त महिन्याचे आकडे.

एका गाइडने माझ्याकडे मागणी केलीच, "जरा पाहून सांगा, आमचा पोरगा काम करून राहिला की नाही." मी कागद पुढे केला. त्यावर 'सॉफ्टवेअरच्या नियोजनासाठी' एवढंच लिहिलेलं होतं. बैठकीत ठरलेलं आणि सही झालेलं असलं की नाही म्हणणं सोपं जातं.

११. आता काढून टाका, पण सावकाश

सहा महिने एकाही माणसाची नोंद नाही, एक्सॲल्टमध्येही त्या फोल्डरातली लायब्ररी कुणी उचललेली नाही, अशी आवृत्ती सापडली की लगेच पुसू नका. मी चार टप्प्यांत जाते.

पहिला, एलमॉडच्या इटीसी फोल्डरातल्या 'ॲडमिन-डॉट-लिस्ट' फायलीत मॉड्यूलचं नाव, आवृत्ती, कोलनचं चिन्ह आणि त्यापुढे निरोप लिहा, शेवटी एक ओळ मोकळी सोडा. आता जो कुणी ते लोड करेल त्याला पडद्यावर निरोप दिसतो: ही आवृत्ती अमुक महिन्यात काढणार, लागत असेल तर कळवा. निरोप मराठीत लिहिला तरी चालतो, फक्त युजरच्या टर्मिनलला देवनागरी दाखवता येते का ते आधी पाहा. आमच्याकडे निम्म्यांना चौकोन दिसले.

दुसरा, दोन महिन्यांनी मॉड्यूलआरसीमध्ये 'हाइड-व्हर्जन' लिहून ती आवृत्ती लपवा. 'मॉड्यूल अव्हेल'च्या यादीत ती दिसत नाही, पण पूर्ण नाव लिहून लोड करणाऱ्याचं काम चालू राहतं, आणि त्याची नोंदही होते.

तिसरा, फोल्डरचं नाव बदला. आरपाथवाले आता ओरडतील, आणि नाव परत करायला तुम्हाला दहा सेकंद लागतील. हे सोमवारी सकाळी करा, शुक्रवारी संध्याकाळी नव्हे.

चौथा, दोन महिने कुणी ओरडलं नाही तर टेपवर किंवा बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन पुसा. एफएफटीडब्ल्यूची ती जुनी आवृत्ती आमच्याकडे अजून तिसऱ्या टप्प्यावरच आहे. त्या विद्यार्थ्याचा प्रबंध झाला, तो नोकरीला लागला, पण त्याची बायनरी आता त्याचा ज्युनियर चालवून राहिला.